चौथ्या खोलीची राखण

लालबाग,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. हितेंद्र यास,

आशीर्वाद. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून या वयात पोस्टाची पायरी चढलो. पाकिटावरचा पत्ता तुझ्या ताईकडून लिहून घेतला, कारण माझं अक्षर बघितलं असतंस तर पाकीट न फोडताच टोपलीत टाकलं असतंस. दर्शनाला वाटतंय, नवरा आणि भाऊ गोड झाले. वाटू दे.

परवा गिरगावात होतो. खोताच्या वाडीच्या तोंडाशी एका ओळखीच्यांकडे पूजा होती, पूजेला भजन. दुसऱ्या गजराला माझ्या कानात काहीतरी टोचलं. बारीक, सुईच्या टोकासारखी शिट्टी. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "कुकर असेल." म्हटलं, अहो, कुकर तीन शिट्ट्यांनंतर गप्प बसतो, ही बया श्वाससुद्धा घेत नाही. वायरीच्या मागे मागे गेलो, तर टेबलाखाली निळं खोकं. वर सोनेरी पट्टी: ‘हितध्वनी, दादर’.

उघडून बघायची गरजच पडली नाही. आपलं पोर दुसऱ्याच्या कपड्यात असलं तरी रडण्यावरून कळतं.

आता तुला ठाऊक आहे तेच पुन्हा लिहितो. उद्या हे पत्र वकिलापुढे ठेवायची वेळ आली तर त्या बिचाऱ्यालाही समजायला हवं. भजनी मंडळांसाठी तीन माइकचं हे खोकं मी बनवलं. एक माइक बुवांचा, एक पखवाजाचा, एक कोरसचा. त्याचं काळीज म्हणजे चौदा पायांची एक आयसी. बाहेरून एकच काळं झुरळ, पण आत चार वेगवेगळे अॅम्प्लिफायर. कॉम्प्युटरवर नकाशा काढताना तिथे झुरळ काढत नाहीत, चार त्रिकोण काढतात, अ, ब, क, ड. ते चौघे चार पानांवर राहिले तरी चालतं. चाळीसारखंच आहे: इमारत एक, खोल्या चार, ज्याचा त्याचा संसार वेगळा. ती पानं मी सांगितली आणि तुझ्या ताईने काढली. मे महिन्यात आम्ही मालवणला लग्नाला गेलो, तेव्हा गाळ्याची चावी तुझ्याकडे होती. परत आलो तर पानं तिथेच होती, फक्त उलट्या क्रमाने. जूनमध्ये तू दादरला दुकान टाकलंस. मोबाइलने फोटो काढणाऱ्याने पानं परत लावताना तरी डोकं वापरावं!

मला तुझं दुकान नको. नाव हवं. १ फेब्रुवारीला, माघी गणपतीला, परळच्या हॉलमध्ये डबलबारी आहे, दोन बुवांचा भजनाचा सामना. बुधाजी बुवांची शेवटची बारी, आणि त्यांनी तुझं खोकं घेतलंय असं ऐकतो. सातशे माणूस येईल, सगळी भजनी मंडळं येतील. त्या दिवशी माइक हातात घे आणि एकच वाक्य बोल: "हे खोकं माझं नाही, माझ्या भाओजींचं आहे." त्या बदल्यात शिट्टी कुठून येते ते सांगेन.

नाहीतर ऐकत बस.

तुझा भाओजी,
हरेश्वर


दादर,
२७ नोव्हेंबर २०२४

ती. भाओजी यांस,

नमस्कार. पत्र मिळालं. ताईचं अक्षर बघून मी देवासमोर ठेवलं होतं, मग फोडलं. आत तुम्ही निघालात.

शिट्टीबिट्टी काही नाही. तुमच्या वयाला कानात शिट्टी वाजते, डॉक्टरला दाखवा.

बाकी, नावाचं तुम्ही काढलंत म्हणून लिहितो. अकरा वर्षं मी तुमच्या गाळ्यात होतो. पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत मंडळांच्या दारात खोकं खांद्यावर घेऊन गेलो तो मी. कोरसचा माइक पखवाजापासून लांब ठेवा, नाहीतर घुमतो, हे बुवांना शिकवलं ते मी. बुवा लोक तुम्हाला ओळखत नाहीत, मला ओळखतात. आणि तुम्ही काय केलंत? एका वर्षी कणकवलीचे बुवा आले, मी पुढे होऊन खोकं समजावून सांगत होतो. तुम्ही मध्येच म्हणालात, "त्याला काय विचारता? तो सामान उचलतो." सगळे हसले. ताईसुद्धा हसली. मला कॉम्प्युटरपाशी एकदाही बसू दिलं नाहीत. म्हणायचात, "तुझे हात तेलकट." तेल तुमच्याच भज्यांचं असायचं.

तेव्हा तुम्हाला नाव आठवलं नाही. मला ते दिवस तोंडपाठ आहेत, भाओजी. पानं घेतली म्हणता, तर तीनच घेतली, अकरा वर्षांच्या मानाने कमीच.

आणि तुमच्याकडचं जे चांगलं होतं ते मी पाळतो. एकही खोकं राखणीशिवाय दुकानाबाहेर जात नाही. प्रत्येकामागे राखणदाराला नारळ फोडतो, तुमच्या गाळ्यात फोडायचो तसाच.

परळला मी एक शब्दही बोलणार नाही.

आपला,
हितेंद्र

ता.क. कुठली शिट्टी म्हणता? सगळ्या खोक्यांना की एकालाच? नुसतं विचारतोय.


(पोस्टकार्ड)

लालबाग,
४ डिसेंबर २०२४

चि. हितेंद्र,

सगळ्यांना.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की दर्शना स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. तिला सांगितलं नाही. नारळ फोडत राहा. खोबरं पौष्टिक असतं.

हरेश्वर


दादर,
२९ डिसेंबर २०२४

ती. भाओजी यांस,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. चौथं पाठवतोय.

शिट्टी आहे. मला आधी ऐकू येत नव्हती, तुम्ही सांगितल्यापासून दुसरं काही ऐकूच येत नाही. माहीमच्या कोळीवाड्यातून दोन खोकी परत आली. राधाबाई म्हणून त्यांच्या महिला मंडळाच्या पुढारी आहेत, त्या दुकानात उभ्या राहून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रे बाला, तुजा खोका भजन करतंय का मासली बोलवतंय?" मी वायरी बदलल्या. कपॅसिटर बदलले. सप्लाय बदलला. पेटी पत्र्याची केली. शिट्टी जात नाही. हात जवळ नेला की सूर बदलतो, काढला की परत तोच.

माझ्याकडे अपेक्षा म्हणून एक मुलगी नकाशे काढते, पॉलिटेक्निकची आहे, हुशार. तिने तीन पानांवरून सगळं कॉम्प्युटरवर नव्याने काढलं. ती म्हणते, सॉफ्टवेअर रोज पिवळी सूचना देतं: या आयसीचा एक भाग कुठेच मांडलेला नाही. चौथा. ड. तिने मला विचारलं, "सर, मूळ नकाशात चौथं पान होतं का?" होतं. मी पाहिलं होतं. त्यावर मधोमध एकच त्रिकोण होता आणि दोन बारीक रेघा. मला वाटलं, ताईने सरावासाठी काढलंय. म्हणून फोटो घेतला नाही.

बघा, चोरी कबूल केली. आणखी काय हवं?

त्या चौथ्याचं काय करायचं तेवढं सांगा. बुधाजी बुवांची शेवटची बारी आहे. शहात्तर वर्षांचे आहेत. छातीत पूर्वीचा जोर नाही, म्हणून तर खोकं घेतलं. समोरचे बुवा तरुण आहेत, माइकशिवाय हॉल हलवतात. माझ्यासाठी नाही, बुवांसाठी सांगा.

आपला,
हितेंद्र


लालबाग,
११ जानेवारी २०२५

चि. हितेंद्र यास,

अनेक आशीर्वाद. पत्रासोबत डबा आहे, त्यात तिळगूळ. तुझ्या ताईने केलाय, घे आणि गोड बोल.

चोरी कबूल केलीस, बरं वाटलं. पण ती तू मला बंद पाकिटात कबूल केलीस. तुला सामान उचलणारा म्हटलं म्हणून तू रडतोस, आणि माझं खोकं स्वतःच्या नावाने विकतोस, ते मात्र सगळ्यांसमोर. कबुली कानात आणि चोरी भोंग्यावर, हा हिशेब मला जमत नाही. वाक्य बोलायला तयार आहेस का ते तू लिहिलंच नाहीस. पत्र मी दोनदा वाचलं. नाही लिहिलंस.

माझे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. शेजारच्या खोलीतला बंद रेडिओ उघडून मी पहिल्यांदा बोलता केला, तर शेजारी म्हणाले, "आपोआप सुरू झाला वाटतं." तेव्हापासून ठरवलं, माझ्या हातचं काम आपोआप झालं असं कुणाला म्हणू द्यायचं नाही. तू तर त्याच्यावर सोनेरी पट्टी लावलीस.

तरीही बुवांसाठी विचारलंस, म्हणून सांगतो. आणि खरं तेच सांगतो, तुझ्या ताईची शपथ घेऊन.

चौथ्याला राखण दे.

बाकी काही बिघडलेलं नाही. वायरी ठीक आहेत, सप्लाय ठीक आहे. कोकणात आपण काय म्हणतो? रिकाम्या घराला राखण नसली की आत काहीतरी शिरतं. तेच झालंय. राखण नीट दे, शिट्टी त्याच क्षणी थांबेल. नाही थांबली तर माझ्या नावाने कुत्रं पाळ.

परळला मी येणार आहे. तिसऱ्या रांगेत खुर्ची सांगून ठेवली आहे. तिथून ऐकू छान येतं.

तुझा भाओजी,
हरेश्वर


दादर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. भाओजी यांस,

नमस्कार.

शनिवारी आपण बोललो नाही. तुम्ही मागच्या दाराने गेलात. म्हणून लिहितोय.

तुमचं संक्रांतीचं पत्र आलं त्याच दिवशी मी दुकानातल्या प्रत्येक खोक्यापुढे नारळ फोडला. एकेकापुढे दोन दोन. देवगडच्या मामांकडून राखणदाराचं गाऱ्हाणं फोनवर म्हणवून घेतलं, फोन खोक्याला लावून. अपेक्षा कोपऱ्यात तोंडावर ओढणी धरून उभी होती, पोरीचे खांदे हलत होते. शिट्टी तशीच.

मग २० तारखेला तिळगुळाचा डबा परत करायला लालबागला आलो. तुम्ही गाळ्यावर होतात. ताईला पत्र दाखवलं. म्हटलं, बघ, भाओजींनी उपाय सांगितला पण गुण येत नाही. तिने वाचलं. मग परत वाचलं. मग मला म्हणाली, "तू काय केलंस?" सांगितलं, नारळ. तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली जशी लहानपणी मी चप्पल उलटी घातली की बघायची.

म्हणाली, "अरे हितू, राखण म्हणजे नारळ नव्हे रे. हे आमच्या दोघांचं बोलणं. जो भाग वापरायचा नाही तो मोकळा सोडला की आपलाआपण ओरडत बसतो. म्हणून त्याचा आउटपुट वळवून त्याच्याच उणे पायाला जोडायचा आणि अधिकचा पाय ग्राउंडला. गप्प बसतो. ह्यालाच हे राखण म्हणतात. चौथ्या पानावर तेच तर काढलंय मी. हे मला ओरडून विचारायचे, राखण दिलीस का? मी आतून हो म्हणायचे. आणि मग तू नारळ फोडायचास. आम्हाला वाटायचं, तुला हौस आहे."

अकरा वर्षं, भाओजी. अकरा वर्षं मी तुमच्या गाळ्यात नारळ फोडत होतो आणि तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. आणि आता, मला राखण म्हणजे काय वाटतं हे माझ्याच पत्रातून कळल्यावर, तोच शब्द मला औषध म्हणून पाठवलात. तिळगुळाबरोबर. खरं तेच लिहिलंत, मान्य. तुमच्याइतकं खरं कुणी लिहू नये.

म्हणजे २० तारखेला मला उपाय कळला होता. बारीला बारा दिवस होते. वायरचे दोन तुकडे आणि सोल्डरचे चार थेंब. अपेक्षाने दुसऱ्याच दिवशी एका खोक्याला करून पाहिलं. थांबली शिट्टी. काय शांतता होती!

बुवांच्या खोक्याला मी हात लावला नाही.

तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात, जे झालं ते तुम्ही पाहिलंत. पण तुम्ही ते खालून पाहिलंत, मी वर स्टेजवरून. दुपारी चार वाजता बुवांनी गजर धरला आणि शिट्टी सुरू झाली. तुम्ही पांढरा सदरा घातला होतात, मांडीवर रुमाल, आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू पंगतीत शेवटी श्रीखंड आलंय. समोरच्या बुवांनी पहिला टोला तिथेच मारला: "बुवांचं भजन थोर, मागे रेल्वेचं इंजिन जोर!" हॉल फुटला हसून. बुवांनी डोळे मिटले आणि आवाज चढवला. शिट्टीच्या वर जायला बघत होते. तिसऱ्या कडव्याला त्यांचा गळा बसला. खोकून खोकून पेटीवर हात टेकले.

तेव्हा मी पुढे झालो आणि कोरसचा माइक घेतला.

"मंडळी, माफी असावी, हे खोकं माझं नाही. हे माझ्या भाओजींचं आहे, लालबागच्या हरेश्वरभाऊंचं. नकाशा त्यांचा, काम त्यांचं. ते बघा, तिसऱ्या रांगेत बसलेत, पांढरा सदरा."

तुम्हाला एकच वाक्य हवं होतं. मी चार बोललो.

सातशे माणसांनी माना वळवल्या तेव्हा तुमच्या मांडीवरचा रुमाल खाली पडला, तो उचलायला तुम्ही वाकलात, आणि बराच वेळ वर आला नाहीत. मागून कोणीतरी ओरडलं, "हरेश्वरभाऊ, कुकर बंद करा!" भाओजी, तुमचे कान तिखट आहेत. ते तुम्हाला नक्की ऐकू आलं असेल.

तुमची इच्छा होती, मी पुरी केली. दुकानातल्या सगळ्या खोक्यांवरच्या ‘हितध्वनी’ पट्ट्या मी उतरवल्या आहेत. तुमच्या नावाच्या छापून घेतल्या, पहिली बुवांच्या खोक्यावर लावली. सोनेरीच.

आपला,
हितेंद्र


लालबाग,
२२ फेब्रुवारी २०२५

हितेंद्र,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तर ते राहू दे.

तुझ्या चार वाक्यांनंतर तीन आठवड्यांत चौदा खोकी माझ्या गाळ्यावर आली. तुझी खोकी, तू विकलेली, निळी. "भाऊ, तुमचं आहे ना? मग तुम्हीच बघा." कुणाला काय सांगणार? सगळ्यांना राखण देऊन परत केली. लालबाग मार्केटमध्ये मसाला घ्यायला गेलो तर कांडप गिरणीवाला सुद्धा शिट्टी मारून "या भाऊ" म्हणाला. हुशार आहेस. मी तुला जास्त सामान उचलायला लावलं हे माझं चुकलं, डोकं रिकामं राहिलं आणि त्यात हे शिरलं.

मी तुझा पक्का बदला घ्यायच्या विचारात होतो. दादरला तुझ्या दुकानासमोर भाड्याने फळा घेऊन त्यावर काय लिहायचं ते सुद्धा ठरवलं होतं. पण मंगळवारी बुधाजी बुवा आले.

एकटे आले. खोकं स्वतः उचलून, दोन जिने चढून. मी म्हटलं, बुवा, निरोप पाठवायचा, मी आलो असतो. आवाज अजून परतलेला नाही त्यांचा, कुजबुजल्यासारखं बोलतात. खोकं टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर बसले. मी उघडलं, वळवलं, जोडलं, बंद केलं. माइक लावून दाखवला. शांत. मला वाटलं, म्हातारा खूश होईल.

बुवांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चार मिन्टांचा काम."

"होय बुवा."

"तुका म्हायती होता?"

मी मान हलवली.

"आणि तेकाव?"

तेकाव म्हणजे तुला. मी म्हटलं, होय. तुझं पत्र खिशात होतं, खोटं बोलता आलं नाही.

"मगे तू थंय तिसऱ्या लायनीत बसान काय करी होतंस?"

हितेंद्र, मला गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला द्यायला उत्तर असतं. वकिलाला, पोलिसाला, वर्गणी मागणाऱ्याला. त्या दिवशी मी बंद खोक्याचे स्क्रू पुन्हा आवळायला घेतले. दर्शना आतून पाणी घेऊन आली होती. ती तिथेच थांबली, पाणी तिच्या हातातच राहिलं. गेला महिनाभर ती माझ्याशी जेवणापुरतं बोलते. का ते मला मंगळवारी कळलं. तुझं २० तारखेचं येणं तिने मला सांगितलंच नव्हतं. मी परळला जाऊन बसतो की हे सगळं थांबवतो, एवढंच तिला बघायचं होतं. बारीच्या सकाळी मी तिच्याकडे सदऱ्याला इस्त्री मागितली.

मग बुवांनी खोकं स्वतःकडे वळवलं. एका बाजूला तुझी जुनी पट्टी, कुणी अर्धवट खरवडलेली. तिच्यावर तू लावलेली माझी सोनेरी. त्यांनी नखाने ती उचकटायचा प्रयत्न केला, जमेना. म्हणाले, "ब्लेड असा?"

मी म्हटलं, बुवा, राहू दे, मी नवी लावून देतो.

"नको. दोघांचीय काढ. हेच्यावर कोणाचाच नाव नको. माजी शेवटची बारी होती ती. ती कोणी खाल्ल्यान, ता मी वाचूक बसू काय?"

मी काढली. माझ्या हाताने, ब्लेडने, त्यांच्यासमोर. ‘श्व’ निघेना, त्याला केरोसीन लावावं लागलं. बुवा निघाले तेव्हा मी खोकं उचलायला पुढे झालो. त्यांनी माझा हात बाजूला केला. दर्शना उचलून खाली घेऊन गेली.

आणि बुवा गप्प बसले नाहीत. आवाज नसला तरी ते सगळीकडे सांगतायत. आता जो येतो तो म्हणतो, भाऊ, काम तुमचंच हवं, वरती नाव नको. माझी जुनी खोकी, वीस वीस वर्षांची, लोक नाव पुसून आणतात. काल नवीन चार गेली, चारही कोरी. बाबांच्या वेळचा तो शेजारी परवडला. तो निदान "आपोआप" म्हणाला होता.

तेव्हा तुझ्याकडे जेवढी बिनराखणीची उरली असतील तेवढी सगळी पाठव. माझ्या नावाच्या पट्ट्यांसकट. मी दुरुस्त करतो, पट्ट्या काढतो आणि परत पाठवतो. तुझ्यावर उपकार नाहीत. तुझ्याकडची ती पोरगी अपेक्षा हे करू शकेल हेही ठाऊक आहे. पण त्या पट्ट्या मला माझ्या हाताने काढायच्या आहेत.

तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. तो जागच्या जागी आहे.

हरेश्वर


दादर,
१ मार्च २०२५

ती. भाओजी यांस,

नमस्कार.

बुवा माझ्याकडेही आले होते. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. खुर्ची दिली तर बसले नाहीत. दुकानातल्या भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता, मीच लावलेला, ‘हितध्वनीचे मानकरी’. तो खिळ्यावरून काढला, काखेत मारला आणि गेले. तिथे भिंतीवर एक पांढरा चौकोन राहिलाय. गिऱ्हाईक विचारतं, इथे काय होतं?

टेम्पोने सहा खोकी पाठवतोय. पट्ट्या तशाच आहेत, तुमच्या ब्लेडसाठी. ताईला सांगा, खाली उतरवून घ्यायला तिने येऊ नये, ड्रायव्हर देईल.

सातवं पाठवत नाही. ते मी कपाटात ठेवलंय. त्याच्या चौथ्या भागाला राखण दिलेली नाही आणि देणारही नाही. काल लावून बघितलं, शिट्टी अगदी परळसारखीच आहे. वर तुमच्या नावाची पट्टी आहे, सोनेरी, एक अक्षरही उडालेलं नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून हिशेब केला, तर भाओजी, आता सगळ्या मुंबईत तुमचं नाव असलेलं तेवढं एकच खोकं उरलंय.

कधी गरज लागली तर मागवा. मी स्वतः उचलून आणीन.

आपला,
हितेंद्र